‘परमिशन डिनाइड’ नेमकं कोण म्हणालं? सेफएफएस माउंट होत नसेल तेव्हा

सेफ ही अनेक सर्व्हरांच्या डिस्का एकत्र करून साठवण देणारी प्रणाली. त्या सर्व्हरांचा गट म्हणजे क्लस्टर, आणि सेफएफएस ही तिची फाइलसिस्टिम. ती आपल्या मशीनवर माउंट करायला, म्हणजे जोडायला गेलं आणि पडद्यावर ‘माउंट एरर १३ = परमिशन डिनाइड’ उमटलं, की बहुतेकांचा हात आधी चावीकडे, म्हणजे ओळख पटवणाऱ्या गुप्त अक्षरांकडे जातो. नवी चावी काढली जाते, तीही चालत नाही. शेवटी कुणीतरी क्लायंट.अॅडमिन या मुख्य वापरकर्त्याची चावी त्या मशीनवर नेऊन ठेवतं आणि काम सुरू होतं. असं करू नका. त्या चावीने साऱ्या क्लस्टरची सत्ता एका साध्या डेस्कटॉपच्या हाती जाते, आणि मूळ दोष जिथे होता तिथेच राहतो.

सेफमध्ये ‘नाही’ म्हणणारे तिघं वेगवेगळे असतात. तिघांची कारणं वेगळी, उपायही वेगळे. म्हणून चावीला हात लावण्याआधी नकार नेमका कुणी दिला ते शोधायचं. पुढचं सगळं त्याच क्रमाने लिहिलं आहे.

समजायला सोपं जावं म्हणून एक मांडणी धरू. बडोद्यात दांडिया बाजारात जुनी मोडी कागदपत्रं स्कॅन करून साठवणारं एक कार्यालय आहे. तीन सर्व्हर आहेत आणि त्यांना शहराच्या जुन्या दरवाजांची नावं दिली आहेत: लहरीपुरा, पाणीगेट, गेंडीगेट. त्यांचे पत्ते अनुक्रमे १९२.१६८.१०.११, १२ आणि १३. फाइलसिस्टिमचं नाव मोडीएफएस. तिच्यात /दप्तर आणि /छपाई असे दोन फोल्डर. स्कॅनिंगच्या मशीनवरून क्लायंट.लेखनिक या नावाने /दप्तर माउंट करायचं आहे.

आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलवर त्या अर्थातच रोमन लिपीत आणि इंग्रजी अंकांत टाइप करायच्या, जागा आणि चिन्हं दिली आहेत तशीच ठेवून.

तीन दरवाजे

पहिला दरवाजा मॉनिटरचा (पडदा नव्हे, क्लस्टरवर लक्ष ठेवणारी सेवा), म्हणजे वेशीवरचा पहारेकरी. तू कोण, एवढंच तो पाहतो. प्रत्येक वापरकर्त्याच्या चावीची एक प्रत त्याच्याकडे असते. सेफेक्स या सेफच्या ओळख पटवण्याच्या पद्धतीत चावी तारेवरून कधीच जात नाही. मॉनिटर एक कोडं घालतो, चावी असलेल्यालाच ते सोडवता येतं, आणि सुटलं की तो पुढच्या दोन दरवाजांसाठी मुदतीची तिकिटं देतो. या सेवा-तिकिटांची मुदत ठरावीक सेटिंगमध्ये एक तासाची असते आणि क्लायंट ती आपोआप नवी करून घेतो.

दुसरा दरवाजा एमडीएसचा, म्हणजे मेटाडेटा सर्व्हरचा. हा दप्तरदार. कुठल्या फोल्डरमध्ये शिरायचं, कुणाला नुसतं वाचायचं आणि कुणाला लिहायचं, हे तो पाहतो.

तिसरा दरवाजा ओएसडींचा, म्हणजे डिस्कांवर डेटा साठवणाऱ्या सेवांचा. ही कोठी. फाइलचे प्रत्यक्ष बाइट तिथे असतात. दप्तरदाराने आत सोडलं म्हणून कोठीवाला माल देईलच असं नाही, त्याच्याकडे वेगळा परवाना लागतो.

या परवान्यांना कॅप्स म्हणतात आणि ते तिन्ही दरवाजांसाठी स्वतंत्र लिहिलेले असतात. चावी चुकली तर पहिल्याच दरवाजावर अडतं. चावी बरोबर आणि कॅप्स चुकीचे असतील तर दुसऱ्या किंवा तिसऱ्या दरवाजावर. दुसऱ्या दरवाजावर अडल्याची खूण हाती असताना चावी बदलत बसणं म्हणजे फुकट गेलेला दिवस.

आधी कर्नेल काय म्हणतं ते वाचा

माउंट आज्ञेचं उत्तर एका ओळीचं आणि बरंचसं मोघम असतं. खरी हकीकत कर्नेलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या नोंदीत असते. माउंट फसल्या फसल्या लगेच रूटने हे चालवा:

डीएमेसजी -टी | टेल -एन ३०

इथला ‘टी’ कॅपिटल, म्हणजे नोंदींपुढे वेळ दिसते. आता ‘लिबसेफ’ आणि ‘सेफ’ या शब्दांनी सुरू होणाऱ्या ओळी शोधा.

‘लिबसेफ: मॉन० … सेशन एस्टॅब्लिश्ड’ आणि तिच्यामागे ‘लिबसेफ: क्लायंट… एफएसआयडी…’ अशा दोन ओळी दिसल्या, तर पहिला दरवाजा ओलांडलेला आहे. चावी बरोबर, नाव बरोबर, मॉनिटरपर्यंतचं नेटवर्कही बरोबर. सरळ एमडीएसच्या भागाकडे जा.

‘लिबसेफ: ऑथ मेथड एक्स एरर’ आणि पुढे उणे १३ किंवा उणे १ दिसलं, तर नकार मॉनिटरचा आहे. आकडा सर्व्हरच्या आवृत्तीप्रमाणे बदलतो, अर्थ एकच: या नावाला ही चावी जुळत नाही.

‘नो सीक्रेट सेट’ आणि सोबत उणे २२ असेल, तर चावी चुकलेली नाही, ती कर्नेलपर्यंत पोचलीच नाही. माउंटची आज्ञा अशा वेळी ‘एरर २२ = इनव्हॅलिड आर्ग्युमेंट’ म्हणते आणि लोक उगाच पर्यायांचं स्पेलिंग तपासत बसतात.

‘सॉकेट क्लोज्ड’ च्या पुढे कंसात ‘कॉन स्टेट व्ही१ बॅनर’ असेल, तर भाषेचा घोळ आहे: क्लायंट जुन्या भाषेत बोलतो आहे आणि समोरचं पोर्ट नव्या भाषेचं आहे. त्याबद्दल पुढे येईल.

काहीच ओळ नाही आणि साधारण एका मिनिटाने ‘एरर ११०’ आला, तर हा ओळखीचा प्रश्नच नव्हे. पोर्ट बंद आहे किंवा पत्ता चुकला आहे.

पहिला दरवाजा: नाव आणि चावी

इथे सर्वांत जास्त वेळ जातो, आणि दोष बहुधा अगदी क्षुल्लक निघतो.

प्रथम पाहा की माउंट.सेफ हा मदतनीस प्रोग्राम मशीनवर आहे का. तो सेफ-कॉमन या पॅकेजमध्ये येतो आणि /एसबिन मध्ये बसतो. सेफएफएसचा कर्नेल-मॉड्यूल २०१० सालच्या २.६.३४ पासून लिनक्समध्येच आहे, त्यामुळे मदतनीस नसला तरी माउंटचा प्रयत्न होतो. मात्र ‘सीक्रेटफाइल’ हा पर्याय कर्नेलला कळतच नाही. फाइल उघडून त्यातली चावी कर्नेलच्या हाती देणं हे काम मदतनिसाचं आहे. तो नसेल तर ‘राँग एफएस टाइप, बॅड ऑप्शन’ असा लांबलचक संदेश येतो आणि कर्नेलच्या नोंदीत ‘सीक्रेटफाइल’ हा अनोळखी पर्याय असल्याचं दिसतं. पॅकेज बसवा, दुसरं काही करू नका.

मग नाव. ‘नेम=’ पुढे नुसतं लेखनिक लिहायचं, क्लायंट.लेखनिक नव्हे. सर्व्हरवरच्या सगळ्या आज्ञांमध्ये क्लायंट. हा उपसर्ग लागतो आणि माउंटमध्ये तो लागत नाही, म्हणून ही चूक जाणत्यांकडूनही होते. उपसर्ग लावला की मॉनिटर क्लायंट.क्लायंट.लेखनिक नावाचा माणूस शोधतो आणि तो अर्थातच सापडत नाही. नाव अजिबातच दिलं नाही तर कर्नेल ‘गेस्ट’ हे नाव धरतं. तेही बहुतेक क्लस्टरांत नसतं.

आता चावीची फाइल. /ईटीसी/सेफ मध्ये दोन प्रकारच्या फाइली असतात आणि त्यांची सतत गल्लत होते. एक असते ‘कीरिंग’: पहिल्या ओळीत चौकटी कंसात वापरकर्त्याचं नाव, दुसऱ्या ओळीत ‘की =’ आणि पुढे चावी. दुसरी ‘सीक्रेट’ फाइल: तिच्यात फक्त चावी, बाकी एक अक्षरही नाही. सीक्रेटफाइल या पर्यायाला ही दुसरी फाइल लागते. कीरिंग दिली तर चालत नाही.

सीक्रेट फाइल हाताने बनवू नका. सर्व्हरवर ती अशी काढा:

सेफ ऑथ प्रिंट-की क्लायंट.लेखनिक > लेखनिक.सीक्रेट

मग बाइट मोजा:

डब्ल्यूसी -सी लेखनिक.सीक्रेट

नेहमीच्या एईएस १२८ प्रकारच्या चावीची लांबी बेस६४ मध्ये नेमकी ४० अक्षरं असते. सुरुवात कॅपिटल ‘एक्यू’ने होते आणि शेवट दोन बरोबर-चिन्हांनी. आकडा ४० आला तर फाइल ठीक. ४१ म्हणजे शेवटी ओळ मोडली आहे, त्याने बिघडत नाही. ३९ किंवा कमी आला तर कॉपी करताना शेवटचं बरोबर-चिन्ह सुटलं आहे. डबल-क्लिक करून शब्द निवडला की कधीकधी ‘==’ निवडलं जात नाही, ही त्यातली नेहमीची गोष्ट. ४३ किंवा ४४ आला तर बहुधा फाइल विंडोजच्या नोटपॅडमधून आली आहे आणि तिच्या सुरुवातीला तीन अदृश्य बाइट चिकटले आहेत. ‘कॅट’ला कॅपिटल ‘ए’चा पर्याय देऊन पाहिलं की ते बाइट विचित्र चिन्हांच्या रूपात दिसतात. फाइल फेकून द्या आणि पुन्हा वरच्या आज्ञेने काढा. चावी व्हॉट्सअॅपवरून किंवा ईमेलमध्ये पाठवू नका. एससीपीने न्या, मालक रूट ठेवा आणि परवानगी ६०० करा.

फाइल नीट आहे आणि तरी नकार, तर ती चावी आजची आहे का ते पाहा. कुणी वापरकर्ता पुसून त्याच नावाने पुन्हा तयार केला असेल तर नाव तेच राहतं आणि चावी बदलते. सर्व्हरवर नव्याने काढलेल्या फाइलवर आणि क्लायंटवरच्या फाइलवर ‘शा२५६सम’ चालवून दोन्ही निकाल ताडून पाहा. चावी फोनवर वाचून दाखवण्यापेक्षा हे सुरक्षित आहे. मात्र दोन्ही फाइली ४० बाइटच्याच असू द्या, नाहीतर एका ओळमोडीमुळेही निकाल वेगळा येईल.

ज्यांच्याकडे जुना आणि नवा असे दोन क्लस्टर शेजारी शेजारी चालू आहेत त्यांनी एफएसआयडी, म्हणजे क्लस्टरचा ओळख-क्रमांकही पाहावा. सर्व्हरवर ‘सेफ एफएसआयडी’ जो लांब आकडा देतो, तोच क्लायंटच्या सेफ.कॉन्फ या सेटिंगच्या फाइलमध्ये असला पाहिजे. एका क्लस्टरची चावी दुसऱ्याच्या दरवाजावर चालत नाही.

या भागातली शेवटची आणि सर्वांत खात्रीची चाचणी माउंटशिवायची आहे. क्लायंट मशीनवरच चालवा, कीरिंग फाइल तेवढ्यापुरती तिथे ठेवून:

सेफ -एन क्लायंट.लेखनिक --कीरिंग /ईटीसी/सेफ/लेखनिक.कीरिंग एफएस एलएस

यादीत मोडीएफएस दिसलं तर चावी, नाव आणि मॉनिटरचा रस्ता, तिन्ही निर्दोष आहेत. मग दोष माउंटच्या पर्यायांत किंवा पुढच्या दरवाजांत. आज्ञाच अडली तर दोष अजून इथेच आहे. आज्ञा चालली पण यादी रिकामी आली, तर वापरकर्ता ओळखीचा आहे आणि या फाइलसिस्टिमचा परवाना मात्र त्याच्याकडे नाही.

दुसरा दरवाजा: फोल्डरचा परवाना

सर्व्हरवर वापरकर्त्याचे कॅप्स पाहा:

सेफ ऑथ गेट क्लायंट.लेखनिक

नीट दिलेले कॅप्स असे दिसतात:

एमडीएस = अलाव आरडब्ल्यू एफएसनेम=मोडीएफएस पाथ=/दप्तर
मॉन = अलाव आर एफएसनेम=मोडीएफएस
ओएसडी = अलाव आरडब्ल्यू टॅग सेफएफएस डेटा=मोडीएफएस

तीन ओळी, तीन दरवाजे. एकही ओळ गायब असली तर तिथेच थांबा, कारण सापडलं.

हे कॅप्स हाताने लिहिण्यापेक्षा एकाच आज्ञेने मिळवणं चांगलं:

सेफ एफएस ऑथोराइझ मोडीएफएस क्लायंट.लेखनिक /दप्तर आरडब्ल्यू

आता सर्वांत नेहमीची चूक. परवाना /दप्तरचा आहे आणि माउंट मात्र ‘/’ केलं जातं. हेतू साधा असतो, की माउंट तर करू, मग आतल्या दप्तरमध्ये जाऊ. पण मुळाशी पाय ठेवायचाच परवाना नाही, म्हणून दप्तरदार तिथेच १३ देतो. चावी बरोबर, मॉनिटर खूश, डीएमेसजीत सेशनही दिसतं, आणि तरीही नकार. माउंटमध्ये पूर्ण मार्ग लिहा:

माउंट -टी सेफ १९२.१६८.१०.११:६७८९,१९२.१६८.१०.१२:६७८९,१९२.१६८.१०.१३:६७८९:/दप्तर /एमएनटी/दप्तर -ओ नेम=लेखनिक,सीक्रेटफाइल=/ईटीसी/सेफ/लेखनिक.सीक्रेट,एफएस=मोडीएफएस

इथे ‘एरर २’ आला तर फोल्डरच अस्तित्वात नाही. ऑथोराइझ आज्ञा फक्त परवाना लिहिते, फोल्डर बनवत नाही. मुळाचा परवाना असलेल्या मशीनवरून तो आधी ‘एमकेडीआयआर’ने बनवावा लागतो. कॅपिटल आणि स्मॉल अक्षरांचा फरकही इथे धरला जातो.

सेफच्या १७व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२२ च्या क्विन्सीपासून, लिहिण्याची नवी रीत आली आहे:

माउंट -टी सेफ लेखनिक@.मोडीएफएस=/दप्तर /एमएनटी/दप्तर -ओ सीक्रेटफाइल=/ईटीसी/सेफ/लेखनिक.सीक्रेट

‘@’ आणि टिंब यांच्यामध्ये एफएसआयडी येतो. रिकामं सोडलं तर तो आणि मॉनिटरांचे पत्ते सेफ.कॉन्फमधून घेतले जातात. पत्ते हाताने द्यायचे तर ‘मॉन_अॅडर=’ वापरा, पण त्यात दोन पत्त्यांच्या मध्ये स्वल्पविराम नव्हे तर तिरकी रेघ लागते. नवी रीत समजायला मदतनीसही १७ किंवा पुढचा हवा. १७ चा मदतनीस जुन्या कर्नेलवर आपणहून जुन्या रीतीकडे वळतो. उलट जुना मदतनीस नव्या रीतीची ओळ पाहून गोंधळतो. जुन्या आवृत्तीची मशीनं मिसळलेली असतील तर जुनीच रीत सगळीकडे ठेवावी, हे आमचं मत.

एकाहून जास्त फाइलसिस्टिमा असलेल्या क्लस्टरमध्ये एक फसवा संदेश येतो: ‘नो एमडीएस इज अप’, क्लस्टर मंद असेल किंवा तुम्हाला परवाना नसेल. तो वाचून लोक सर्व्हरवर धावतात आणि एमडीएस पुन्हा सुरू करतात. आधी ‘सेफ एफएस स्टेटस’ पाहा. त्यात एमडीएस ‘अॅक्टिव्ह’ असेल तर सर्व्हरला हात लावू नका, त्या संदेशाचं शेवटचं वाक्यच खरं आहे. एफएसनेम=मोडीएफएस एवढाच परवाना असलेल्याला मॉनिटर दुसऱ्या फाइलसिस्टिमांचा नकाशाच दाखवत नाही, आणि क्लायंटला वाटतं की एमडीएस नाहीच. माउंटमध्ये ‘एफएस=’ लिहायला विसरलं की क्लायंट ठरावीक फाइलसिस्टिम मागतो, जी कदाचित दुसरीच असते. जुन्या कर्नेलवर याच पर्यायाचं नाव ‘एमडीएस_नेमस्पेस=’ असं आहे.

कॅप्स दुरुस्त करताना एक जपा. ‘सेफ ऑथ कॅप्स’ ही आज्ञा आधीचे कॅप्स पुसून नवे लिहिते, त्यात भर घालत नाही. नुसता एमडीएसचा परवाना बदलायचा म्हणून एकच भाग लिहिला तर मॉन आणि ओएसडीचे परवाने उडतात, आणि एका दोषाचे तीन होतात. आधीचं उत्तर फाइलमध्ये जपून ठेवा, तिन्ही भाग पूर्ण लिहा, आणि मग क्लायंटवर अनमाउंट करून पुन्हा माउंट करा. चालू जोडणीकडे जुनीच तिकिटं असतात, तिच्यावर नव्या कॅप्सची परीक्षा घेऊ नका.

तिसरा दरवाजा: माउंट झालं, पण फाइल उघडत नाही

हा प्रकार सर्वांत गोंधळात टाकतो, म्हणून नीट समजून घ्या. माउंट बिनतक्रार होतं. ‘एलएस’ने सगळी नावं दिसतात. नवी फाइलही तयार होते. पण तिच्यात काही लिहिलं की ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’, आणि मागे शून्य बाइटची फाइल उरते. जुनी फाइल वाचायला गेलं तरी तेच.

नावं, तारखा, फोल्डरांची रचना हे सगळं दप्तरदाराकडे असतं, त्याने परवानगी दिली. बाइट कोठीत आहेत आणि कोठीने नकार दिला. म्हणजे ओएसडीचे कॅप्स चुकले, किंवा कॅप्स बरोबर आहेत पण पूलवरची (पूल म्हणजे ओएसडींवरच्या जागेचा नाव दिलेला कप्पा) खूण चुकली.

ही खूण बऱ्याच जणांना माहीतच नसते. ‘टॅग सेफएफएस डेटा=मोडीएफएस’ या परवान्याचा अर्थ असा: ज्या पूलवर ‘हा मोडीएफएसचा डेटा आहे’ अशी चिठ्ठी लावलेली आहे, त्यातच लिही. पूलचं नाव परवान्यात कुठेही नाही. चिठ्ठीच नसेल तर परवाना निरुपयोगी. चिठ्ठी पाहायची अशी:

सेफ ओएसडी पूल अॅप्लिकेशन गेट मोडीएफएस_डेटा

उत्तरात ‘सेफएफएस’ खाली ‘डेटा’ आणि त्यापुढे ‘मोडीएफएस’ असायला हवं. नुसतं ‘सेफएफएस’ असून आत रिकामं असेल तर असं लावा:

सेफ ओएसडी पूल अॅप्लिकेशन सेट मोडीएफएस_डेटा सेफएफएस डेटा मोडीएफएस

‘एफएस न्यू’ किंवा ‘एफएस अॅड_डेटा_पूल’ने जोडलेल्या पूलला ही चिठ्ठी आपोआप लागते. ती नसते ती मुख्यतः जुन्या क्लस्टरांत. पूल-अॅप्लिकेशनची कल्पनाच २०१७ च्या ल्युमिनस आवृत्तीत आली, त्याआधी बनवलेले आणि पुढे आवृत्ती चढवत आणलेले पूल इथे अडतात. फाइलसिस्टिमचं नाव बदललं असेल तर मात्र चिठ्ठी नव्या नावाची होते आणि वापरकर्त्यांचे कॅप्स जुन्याच नावाचे राहतात. तेव्हा सर्वांना नव्या नावाने पुन्हा ऑथोराइझ करावं लागतं.

काही फोल्डर चालतात आणि एखादाच चालत नाही, असं असेल तर त्या फोल्डरचा लेआउट (बाइट कुठल्या पूलात जातील हे ठरवणारी नोंद) वेगळ्या पूलकडे वळवलेला आहे का ते पाहा आणि त्या पूलची चिठ्ठी तपासा.

चावीशी संबंध नसलेले नकार

मॉनिटर, एमडीएस, ओएसडी तिघांचंही ठीक आहे आणि तरी ‘परमिशन डिनाइड’ येतं, असे काही प्रसंग उरतात.

साधी युनिक्स परवानगी. नव्या सेफएफएसचा मूळ फोल्डर रूटच्या मालकीचा आणि ७५५ असतो. रूटने माउंट केलं आणि स्कॅनिंगचा माणूस त्याच्या लॉगिनने लिहायला गेला तर नकार येणारच. सेफ माणसाचं नाव पाहत नाही, यूआयडीचा, म्हणजे वापरकर्त्याच्या क्रमांकाचा आकडा पाहतो. एका मशीनवर १००१ असलेला माणूस दुसऱ्या मशीनवर १००२ असेल तर तो दोन वेगळी माणसं आहे. दोन्हीकडे ‘आयडी’ चालवून आकडे जुळवा.

रूटलाच लिहिता येत नसेल आणि बाकीच्यांना येत असेल, तर कॅप्समध्ये ‘रूट_स्क्वॉश’ ही रूटला लिहू न देणारी अट आहे. तो कुणीतरी मुद्दाम लावलेला असतो, काढण्याआधी विचारा. कोटा किंवा लेआउट ठरवताना नकार आला तर परवान्यात ‘आरडब्ल्यू’च्या जोडीला ‘पी’ हवा, आणि स्नॅपशॉट काढताना आला तर ‘एस’.

काल चालत होतं, आज नाही. हा प्रश्न लॅपटॉपवर आणि ढिल्या नेटवर्क केबलवर हमखास येतो. क्लायंट ३०० सेकंद, म्हणजे पाच मिनिटं, एमडीएसला दिसला नाही की एमडीएस त्याला बाहेर काढतो आणि त्याचा पत्ता ब्लॉकलिस्टमध्ये टाकतो. मशीन जागं झाल्यावर त्याच माउंटवर ‘परमिशन डिनाइड’ किंवा ‘एरर १०८’ येतो. कर्नेलच्या नोंदीत ‘रिजेक्टेड सेशन’ दिसतं. सर्व्हरवर ‘सेफ ओएसडी ब्लॉकलिस्ट एलएस’ने यादी पाहता येते. १६व्या आवृत्तीच्या आधी याच आज्ञेत ‘ब्लॅकलिस्ट’ असा शब्द आहे. यादीतून नाव काढून जुनंच माउंट वापरणं धोक्याचं: त्या मशीनच्या मेमरीत न लिहिलेला डेटा असू शकतो आणि दरम्यान तीच फाइल दुसऱ्याने बदललेली असू शकते. उघड्या फाइली बंद करा, अनमाउंट करा, पुन्हा माउंट करा. अनमाउंट अडलं तर ‘-एफ’ द्या. वारंवार होत असेल तर माउंटमध्ये ‘रिकव्हर_सेशन=क्लीन’ लावता येतं. जोडणी आपोआप नवी होते, पण न लिहिलेला डेटा टाकून दिला जातो, हे समजून लावा.

घड्याळ. तिकिटांना मुदत असते आणि सेवांच्या चाव्याही ठरावीक वेळाने फिरतात, म्हणून सर्व्हरांची घड्याळं जुळलेली लागतात. पावसाळ्यात विश्वामित्रीला पूर येऊन सर्व्हर दोन-तीन दिवस बंद ठेवावे लागले, आणि मदरबोर्डवरची बटण-बॅटरी मेलेली असली, की यंत्र जुन्या तारखेला जागं होतं. मग ओएसडी किंवा एमडीएसच्या लॉगमध्ये ‘पॉसिबल क्लॉक स्क्यू, रोटेटिंग कीज एक्स्पायर्ड वे टू अर्ली’ अशी ओळ येते आणि बरोबर तिकीटही नाकारलं जातं. मॉनिटर आपसांत ०.०५ सेकंदापेक्षा जास्त फरक पडला की ‘सेफ हेल्थ डिटेल’मध्ये इशारा देतात. प्रत्येक सर्व्हरवर ‘क्रोनीसी ट्रॅकिंग’ पाहा. सर्व्हरांना इंटरनेट नसेल तर लहरीपुराला वेळेचा सर्व्हर करा आणि बाकी दोघांना त्याच्याकडून वेळ घ्यायला लावा. बॅटरी सीआर२०३२, ती बदलून टाका.

पोर्ट आणि भाषा. मॉनिटरची दोन पोर्ट असतात: ६७८९ जुन्या भाषेचं, ३३०० नव्या भाषेचं. कर्नेलला नवी भाषा ५.११ पासून येते, आणि तीही सांगितल्याशिवाय बोलत नाही. ३३०० वापरायचं तर ‘एमएस_मोड=प्रेफर-सीआरसी’ किंवा ‘एमएस_मोड=सिक्युअर’ द्यावं लागतं. सर्व्हरवर एन्क्रिप्शन सक्तीचं केलं असेल तर ‘सिक्युअर’शिवाय गत्यंतर नाही, आणि ५.११ हून जुन्या कर्नेलचं मशीन त्या क्लस्टरला जोडलं जाणार नाही.

फायरवॉलमध्ये फक्त मॉनिटरची पोर्ट उघडली की अर्धवट यश मिळतं: सेशन होतं आणि मग माउंट लटकतं. एमडीएस आणि ओएसडी ६८०० पासून जुन्या आवृत्त्यांत ७३०० पर्यंत आणि नव्यांत ७५६८ पर्यंतच्या टप्प्यात बसतात, तो टप्पाही क्लायंटला उघडा हवा. ‘एनसी -झेडव्ही’ने एकेक पोर्ट पाहून घ्या.

सेफ-फ्यूज, म्हणजे कर्नेलऐवजी साध्या प्रोग्रामने माउंट करण्याची रीत, वापरणाऱ्यांसाठी एक वेगळी नोंद. २०२१ मध्ये सेफेक्समधली एक त्रुटी १४.२.२०, १५.२.११ आणि १६.२.१ या आवृत्त्यांत दुरुस्त झाली. सर्व्हरवर ‘ऑथ_अलाव_इनसिक्युअर_ग्लोबल_आयडी_रीक्लेम’ बंद केलं की त्याआधीचे क्लायंट काही काळ चालून मग तुटतात. क्लायंटचं पॅकेज चढवा, सर्व्हरची सेटिंग पुन्हा सैल करू नका. कर्नेलच्या माउंटला याचा त्रास नाही.

हाताने होतं, मशीन सुरू होताना होत नाही

हाताने माउंट झालं म्हणजे चावी आणि कॅप्स सिद्ध झाले. बूटच्या वेळी अडत असेल तर नेटवर्क उभं राहण्याआधीच माउंटचा प्रयत्न होतो आहे, किंवा सीक्रेट फाइल अशा डिस्कवर आहे जी अजून जोडलेली नाही. ती /ईटीसी/सेफ मध्येच ठेवा आणि एफएसटॅबमध्ये, म्हणजे सुरू होताना काय माउंट करायचं ते सांगणाऱ्या फाइलमध्ये, ओळ अशी लिहा:

लेखनिक@.मोडीएफएस=/दप्तर /एमएनटी/दप्तर सेफ सीक्रेटफाइल=/ईटीसी/सेफ/लेखनिक.सीक्रेट,नोएटाइम,_नेटडेव्ह ० ०

‘_नेटडेव्ह’मधली सुरुवातीची खालची रेघ विसरू नका. ‘सीक्रेट=’ लिहून चावी थेट या ओळीत घालू नका: एफएसटॅब मशीनवरच्या कुणालाही वाचता येते, आणि हाताने दिलेल्या आज्ञेतली चावी शेलच्या इतिहासात राहते.

ओळ लिहिल्यावर रीबूट करण्याआधी अनमाउंट करून ‘माउंट -ए’ चालवा. मग रूटने नव्हे, तर स्कॅनिंगच्या माणसाच्याच लॉगिनने एक छोटी फाइल लिहा, दुसऱ्या मशीनवरून ती उघडून वाचा आणि पुसा. तिन्ही दरवाजे आणि यूआयडी यांची तपासणी एवढ्यात होते. चाचणीसाठी क्लायंटवर ठेवलेली कीरिंग फाइल, आणि घाईत कुणी आणून ठेवलेली अॅडमिनची चावी असलीच तर तीही, त्या मशीनवरून काढून टाका.